उन्हात घातलेलं पाणी

थोरलीच्या हातचा लाल रंग विटत नसे. सूत विरून जाईल, पण जाताना लालच जाईल, अशी तिची ख्याती होती, आणि ख्याती आहे हे तिलाही ठाऊक होतं. लडी हौदातून वर आली की पिळण्याआधी ती उजेडाकडे धरायची, एक डोळा बारीक करायची आणि म्हणायची, "अजून थोडं." नाहीतर म्हणायची, "झालं." त्यानंतर कुणी काही विचारायची सोय नसे.

"आमच्या घरात देवाच्या खालोखाल हिचा डोळा," तिचा नवरा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा.

"देवाला मध्ये आणू नका," ती म्हणायची. "लडी उचला."

रंगखाना घराच्या तळमजल्यावर होता आणि त्याची मागची भिंत ओढ्याला लागून होती. रोज सकाळी भट्टी पेटवण्याआधी थोरली हात घासून धुवायची. नखांतला लाल काही जायचा नाही, तरी धुवायची. मग पहिल्या हौदाच्या कठड्यावर तळवा टेकून क्षणभर डोळे मिटून उभी राहायची. हा तिचा नेम. अंगात ताप असो की घरात पाहुणे, तो चुकला नव्हता. धाकटी या घरात नवी आली तेव्हा तिने एकदा धीर करून विचारलं होतं, "ताई, काय मागता हो रोज?"

"मागत काही नाही. आज हातून काही वावगं होऊ नये, एवढं सांगते."

"कुणाला?"

"ज्याला सांगायचं त्याला. तुला कशाला चौकशा? आणि त्या हौदात बोट घालू नकोस, जन्मभर पुसत बसशील."

धाकटी म्हणजे धाकट्या दिराची बायको. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची. या दोघी जावांचं पटणार नाही असं सगळ्यांनी आधीच ठरवून टाकलं होतं. एक वाफेत आणि धुरात हयात घालवलेली, दुसरी पांढरा कोट घालून काचेच्या नळ्या हलवणारी. पण पटलं. भांडणं व्हायची, नाही असं नाही. पण ती एकाच गोष्टीवरून व्हायची, ती म्हणजे पाणी.

सूत रंगवून झालं की धुवावं लागतं, आणि जो रंग सुताला धरत नाही तो धुण्याच्या पाण्याबरोबर जातो. ते पाणी मागच्या भिंतीतल्या तोटीतून ओढ्यात पडायचं आणि तिथून खाली ओढा लाल व्हायचा. पहिल्याच वळणावर एक बाई रोपं विकायची, फुलांची, भाज्यांची, छोट्या काळ्या पिशव्यांतली. तिला सगळे रोपवाली म्हणत. ओढा दारात असून ती रोपांना पाणी आणायची लांबच्या नळावरून, डबे भरभरून.

"तुमच्या ओढ्यात हात बुडवला," ती भिंतीपलीकडून म्हणायची, "की कुणाचा तरी खून करून आल्यासारखी दिसते मी. परवा नवरा घाबरून बाहेरच झोपला."

"मग रोज बुडवत जा," थोरली म्हणायची. "धाकात राहील."

दोघी हसायच्या. धाकटी मात्र हसायची नाही. एकदा ती म्हणाली, "ताई, तुमचा रंग इतका पक्का आहे ना, तेच वाईट आहे."

"काय म्हणालीस?"

"शंभर धुण्यांत जो सुतावरून जात नाही, तो ओढ्यातून तरी कसा जाईल? तो तुटतच नाही. तसाच खाली जातो, मातीत, मुळांत. नुसता लाल असता तर बिघडलं नसतं हो. विषारी आहे तो."

थोरलीला हे फार लागलं. तिच्या कसबाची अशी तारीफ आजवर कुणी केली नव्हती. ती दिवसभर धाकटीशी बोलली नाही. संध्याकाळी ताट वाढताना मात्र तिने विचारलं, "मग तोडायचा कसा?"

तेव्हापासून गच्चीवर काचा आल्या. खिडकीच्या असतात तसल्याच, पण उतरत्या मांडलेल्या, आणि प्रत्येकीवर एक पांढरी भुकटी भाजून बसवलेली. भिंतीला देतात त्या पांढऱ्या रंगात असते तीच भुकटी, टायटॅनियमची, असं धाकटीने सांगितलं. धुण्याचं पाणी एका टाकीत साठायचं, पंपाने गच्चीवर चढायचं, काचांवरून पातळ पदरासारखं घरंगळायचं आणि पन्हळीतून पुन्हा टाकीत यायचं. असं फिरत राहायचं. त्या भुकटीवर ऊन पडलं की ती जागी होते, धाकटी म्हणाली, आणि तिला लागून जाणाऱ्या पाण्यातला रंग ती कडी कडी करून तोडते. तोडता तोडता शेवटी त्यातलं हवेत जाण्यासारखं हवेत जातं आणि मागे उरतं पाणी आणि चिमूटभर क्षार.

"आणि भुकटी संपत नाही?"

"नाही. ती फक्त काम करून घेते. स्वतः तशीच राहते."

"खात नाही, पीत नाही, दमत नाही, माहेरी जाते म्हणत नाही," थोरली म्हणाली. "अशी सून आम्हाला का मिळाली नाही?"

गल्लीत तिने सांगून टाकलं, "लोक कपडे वाळत घालतात, आमची धाकटी पाणी वाळत घालते."

पण ती रोज गच्चीवर जायची. तिला बघायला आवडायचं. सकाळी डाळिंबाच्या दाण्यासारखं असलेलं पाणी दुपारी गुलाबी व्हायचं, मग फिकट गुलाबी, मग नुसता भास. ती पाणी पेल्यात घेऊन उजेडाकडे धरायची, डोळा बारीक करायची आणि म्हणायची, "झालं. सोड."

आणि इथेच भांडण व्हायचं.

"अजून नाही झालं," धाकटी म्हणायची.

"अगं, रंग कुठे आहे यात? दाखव मला. या डोळ्याला दिसत नाही तो रंग जगात नाही."

"रंग आधी जातो, ताई. कडी पहिल्यांदा तुटली की लाल दिसणं थांबतं. पण तुकडे असतात ना पाण्यात. ते तुकडे कधीकधी मूळ रंगापेक्षा वाईट. त्यांचे तुकडे, मग त्यांचे तुकडे, असं व्हायला वेळ लागतो."

"दिसत नाही ते आहे, असं तू म्हणतेस."

"हो."

"बरं बाई. मी देवाबद्दल म्हणते तर तुला पटत नाही, आणि तुझ्या तुकड्यांबद्दल मी मान डोलवायची."

धाकटी हसली, पण मग तिने बशा मांडल्या. प्रत्येक बशीत ओलं फडकं आणि फडक्यावर मोहरीचे दाणे. एका बशीला नळाचं पाणी, एकीला लाल पाणी, एकीला थोरलीने "झालं" म्हटलेलं, आणि एकीला त्यानंतरही पुढचा अख्खा दिवस उन्हात फिरलेलं. नळाच्या पाण्यावर मोहरी भराभर उगवली. लाल पाण्यावर दाणे फुगले आणि कुजले. "झालं"वालीतल्या मोहरीला कसेबसे मोड आले आणि टोकाला तपकिरी होऊन थांबले. शेवटच्या बशीतली मोहरी नळावरल्या मोहरीच्या बरोबरीने उभी राहिली.

थोरलीने बशा पाहिल्या. खाली जाऊन भट्टीत लाकूड सारताना नवऱ्याला म्हणाली, "मोहरीचं काय एवढं, तिचा मूड असतो."

ओढ्याचं पाणी तपासणाऱ्या सरकारी कचेरीतून तपासणीच्या बाई आल्या तेव्हा काचांचे हे प्रयोग अजून सुरूच होते. बाई वयाने थोरलीएवढ्याच, पायांत जाड बूट, खांद्याला बाटल्यांची पिशवी. त्यांनी ओढा पाहिला, गच्ची पाहिली, काचांना बोट लावून पाहिलं आणि तोटी बंद करायला लावली.

"हे चांगलं दिसतंय," त्या धाकटीला म्हणाल्या. "पण चांगलं दिसून भागत नाही. टाकीतलं पाणी स्वच्छ करा, मी येऊन बाटली भरून नेते. ठीक निघालं तर तोटी उघडी. नाही निघालं तर कायमची बंद, मग इथे रंग नाही."

येण्याचा दिवसही त्यांनी सांगून ठेवला.

तोटी बंद म्हणजे टाकी रिकामी होणार नाही. टाकी रिकामी नाही म्हणजे हौद रिकामे नाहीत, आणि हौद रिकामे नाहीत म्हणजे नवा रंग नाही. थोरलीचा नवरा आणि दीर मिळेल तिथे सूत वाहायच्या कामाला जाऊ लागले. थोरली मात्र गार भट्टीपाशी बसून राहायची. सुकलेल्या लडी सोडायची, पुन्हा गुंडाळायची. जेवताना एकदा ती कुणालाच उद्देशून नाही अशा स्वरात म्हणाली, "मला दुसरं काही येत नाही." मग भाजी हवी का म्हणून विचारलं.

त्या वाक्याने धाकटीची भूकच गेली.

बाई येणार त्याच्या आदल्या दिवसापासून आभाळ भरून आलं. पाऊस नाही, वारा नाही, नुसती करडी चादर. पाणी काचांवरून फिरत राहिलं, पण भुकटी अर्धवट झोपेत असल्यासारखी. संध्याकाळी टाकीत वाकून पाहिलं तर पाणी गुलाबीच.

"उद्या मी बाईंना सरळ सांगेन," धाकटी म्हणाली. "ढगामुळे वेळ लागतोय, चार दिवस द्या."

"आणि त्या देतील?"

"विचारून बघू."

"विचारून बघू," थोरली म्हणाली. "माझं आयुष्य तू विचारून बघ."

सकाळीही ढग तसेच होते. बाईंना गल्ली पुन्हा सापडायची नाही म्हणून धाकटी त्यांना आणायला नाक्यावर गेली. थोरलीने हात धुतले. पहिल्या हौदाच्या कठड्यावर तळवा टेकला आणि डोळे मिटले. पण रोजचे शब्द काही केल्या येईनात. मिटल्या डोळ्यांसमोर तो गुलाबी रंगच उभा राहिला. तिने डोळे उघडले आणि फळीवरचा रंगकाटाचा डबा काढला.

रंगकाट प्रत्येक रंगाऱ्याकडे असतो. एखादी लडी बिघडली, रंग ठिपक्याठिपक्यांनी बसला, तर ती भुकटी टाकून रंग उतरवायचा आणि पहिल्यापासून सुरुवात करायची. चूक पुसायचंच औषध ते. थोरली फारशी वापरायची नाही, कारण तिच्या लडी बिघडत नसत. तिने टाकीचं झाकण सरकवलं, डबा पालथा केला आणि लांब काठीने ढवळलं. बघता बघता गुलाबी पिवळट झालं, आणि पिवळट नाहीसं झालं. टाकीचा तळ दिसू लागला. तळाशी पडलेलं एका जुन्या बाटलीचं बूच दिसलं, जे किती दिवस सापडत नव्हतं.

तिला वाटलं होतं, बरं वाटेल.

धाकटी बाईंना घेऊन आली तेव्हा थोरली पाठमोरी होती, कोरड्याच लडीला पीळ देत. धाकटीने टाकीत पाहिलं. मग पुन्हा पाहिलं. जळलेल्या काडीसारखा एक उग्र वास टाकीवर तरंगत होता. तिने थोरलीच्या पाठीकडे पाहिलं. पाठ हलली नाही.

"वा!" तपासणीच्या बाई म्हणाल्या. "मला वाटलं होतं ढगात तुमची पंचाईत होईल. वास कसला येतोय?"

"रंगखान्यात अत्तराचा वास कुठून येणार?" थोरली न वळता म्हणाली.

बाई हसल्या. तिघी गच्चीवर गेल्या. काचांवरून पाणी उतरत होतं, इतकं नितळ की काचेवरची पांढरी भुकटी तेवढी दिसत होती, पाणी नाही. बाईंनी पन्हळीखाली बाटली धरली, काठोकाठ भरली, बूच लावलं. उजेडाकडे धरली.

"काल पाणी गुलाबी असेल ना?"

"हो," धाकटी म्हणाली.

"आणि आज ऊन नसताना इतकं?"

धाकटीचे ओठ उघडले. तिने पुन्हा एकदा थोरलीकडे पाहिलं. एरवी सगळ्या गल्लीला पुरून उरणारी ती बाई कठड्याला धरून उभी होती, नखं लाल आणि चेहरा पांढरा, अगदी भुकटीसारखा. धाकटीने ओठ मिटले.

"बरं," बाई म्हणाल्या. "बाटलीचा निकाल यायला वेळ लागेल. डोळ्यांना तर स्वच्छ आहे. तोवर थोडं थोडं सोडायला हरकत नाही. उघडा तोटी."

थोरलीचा नवरा खालीच उभा होता. त्याने वरची हाक ऐकली आणि देवाचं नाव घेऊन तोटी फिरवली. बंद राहून राहून ती कुरकुरली, मग मोकळी झाली. पाणी ओढ्यात पडल्याचा आवाज गच्चीपर्यंत आला. तो आवाज ऐकायला थोरली किती दिवस आसुसली होती.

आणि लगेच दुसरा आवाज आला. "आलं हो! आलं! अगदी नळासारखं आलं!"

रोपवाली. तिला कुणीतरी सांगितलं असणार. ती दोन्ही हातांत डबे घेऊन ओढ्याच्या कडेला उभी होती. तिने एक डबा तोटीखाली धरला, भरला, वर बघून हसली. "नळावरची पायपीट वाचली गं माझी! धाकटीबाईंना म्हणावं, त्यांच्या तोंडात साखर पडो." मग तिने ओंजळ भरून तोंडावर पाण्याचा हबका मारला, पदराने पुसलं आणि डबा उचलून रोपांच्या रांगांकडे निघाली.

थोरलीच्या डोळ्यांसमोर बशा आल्या. कुजलेली मोहरी नाही, ती दुसरी बशी, तिने "झालं" म्हटलेली. तपकिरी टोकं.

"थांब!" ती ओरडली. "ए, थांब गं! ओतू नकोस!"

रोपवालीला ऐकू गेलं नाही. थोरली जिन्याकडे धावली. इतकी वर्षं ती त्या जिन्यावरून सावकाश, कठडा धरून उतरायची. त्या दिवशी कशी उतरली तिचं तिला कळलं नाही. मागचं दार, ओढ्याचे दगड, चिखल. रोपवालीने डबा कलता केला होता आणि पहिली धार एका वांग्याच्या रोपावर पडतच होती, तोवर थोरलीने डब्याला खालून हात घालून तो ढकलला. पाणी दोघींच्या अंगावर सांडलं.

"अगं बाई, वेड लागलं का?" रोपवाली म्हणाली. "वर्षानुवर्षं लाल पाजलंत, आज पांढरं आलं तर तेही हिसकावताय?"

"ते चांगलं नाही."

"स्वच्छ तर आहे!"

"स्वच्छ दिसतंय. मी रंगकाट टाकलाय. काचांनी नाही केलं ते, मी केलं." थोरलीला दम लागला होता. "रंग गेलाय. बाकी सगळं आहे त्यात. तोंड धू आधी. नळाच्या पाण्याने धू, जा."

तोवर तपासणीच्या बाई आणि धाकटी खाली पोचल्या होत्या. तोटीतून पाणी पडतच होतं. थोरलीच्या नवऱ्याला काय करावं कळेना. धाकटीनेच पुढे होऊन ती बंद केली.

रोपवाली पदराने तोंड खसाखसा पुसत होती. तिला आता राग आला होता, आणि तिचा राग हसण्याइतकाच मोठा होता. "लाल होतं तेव्हा मला कळत तरी होतं. ओढ्याकडे बघितलं की कळायचं, आज हात लावायचा नाही. तुम्ही माझी तेवढी खूणही पुसलीत. आणि मी तुमच्या नावाने साखर वाटत होते!"

थोरली आयुष्यभर रंग चढवत आली होती. रंग हा कुणाला तरी सावध करतो, असं तिच्या मनातही कधी आलं नव्हतं.

"मलाही कळलं होतं," धाकटी म्हणाली. तिचा आवाज खाली गेला होता. "टाकीत बघितल्या बघितल्या. वास आला होता. मी बोलले नाही."

"का?" बाईंनी विचारलं.

थोरलीनेच उत्तर दिलं. "माझ्या तोंडाकडे बघून. अजून काय? तिला दोष देऊ नका. तिच्या काचा चांगल्या आहेत. खोट माझ्या हाताची."

तपासणीच्या बाईंनी पिशवीतून बाटली काढली. ती धाकटीकडे दिली. "ही परत तुमच्या टाकीत ओता. माझ्या बाटल्यांना लाजलज्जा नसते बाई, कचेरीत गेल्या की सगळं बोलून टाकतात. हिने सांगण्याआधी तुम्ही सांगितलंत, म्हणून मी आज काही लिहीत नाही. पण तोटी बंद." आणि त्यांनी तोटीच्या चाकाला तार गुंडाळून शिशाचं सील दाबलं. "ऊन पडू द्या. मग बोलवा. एकदाच बोलवा."

त्या गेल्यावर थोरलीच्या नवऱ्याने चहा टाकला. तो चहा कधी टाकत नसे, त्यामुळे तो कसा झाला असेल ते सांगायला नको. थोरली तो पूर्ण प्यायली.

"तुझी भुकटी हेही तोडेल का?" तिने धाकटीला विचारलं. "रंगकाटासकट?"

"तोडेल. वेळ जास्त लागेल. आधी तिला रंगकाटाशीच लढावं लागणार."

"म्हणजे मी काम वाढवलं."

"हो," धाकटी म्हणाली. आणि मग, "पण ताई, आता एक आहे. पाणी पहिल्यापासूनच बिनरंगी आहे. तुमचा डोळा आता काही सांगू शकणार नाही. माझाही नाही."

"मोहरीला विचारायचं," थोरली म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आपल्या उरलेल्या सुतातली एक लाल पट्टी घेऊन मागच्या दाराने गेली आणि तोटीला करकचून बांधली. मग वळणावर रोपवालीकडे जाऊन म्हणाली, "ही पट्टी आहे तोवर पाण्याला हात लावायचा नाही. पाणी कितीही नितळ दिसो. मी सोडेन तेव्हाच."

"आणि ती उन्हात विटली तर मला कळायचं कसं?"

थोरलीने तिच्याकडे नुसतं पाहिलं.

"बरं, बरं," रोपवाली म्हणाली. "विटणार नाही."

मग थोरलीने तिच्या दारातले दोन रिकामे डबे उचलले आणि नळाची वाट धरली. रोपवाली बघत राहिली. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "पुरे झालं की." थोरली म्हणाली, "पट्टी आहे ना अजून?" आणि डबे उचलले. नळावरच्या बायका विचारायच्या, रंगवाल्या बाई इकडे कुठे? ती म्हणायची, "पाणी वजनाला केवढं असतं ते बघायला आले."

ढग गेले. ऊन काचांवर आलं आणि पाणी फिरत राहिलं. ते कसं बदलतंय हे कुणालाच दिसत नव्हतं, आणि थोरलीला हे सगळ्यांत जड गेलं. गच्चीवर जाऊन ती पेला भरायची, उजेडाकडे धरायची, आणि काहीच नाही. आधीही काही नव्हतं, आताही नाही. पेला खाली ठेवून ती बशांपाशी बसायची. पहिल्या बशीतली मोहरी उगवलीच नाही. पुढच्या बशीतली उगवली पण वाकडी. थोरली त्या एवढ्याएवढ्याशा मुळांवर वाकून बसलेली असायची, नाक जवळजवळ बशीत.

"ताई, श्वासाने उडतील ती," धाकटी म्हणायची.

"उडू देत. तू तुझ्या मुलांचे पेपर तपास."

मग एके सकाळी धाकटीने नवी बशी नळाच्या बशीशेजारी आणून ठेवली आणि बाजूला झाली. दोन्ही बशांतली मोहरी सारखीच उभी होती, सारखीच हिरवी. मुळं पांढरी.

"झालं का?" थोरलीने विचारलं.

तिने कुणाला तरी असं विचारल्याचं धाकटीने पहिल्यांदाच ऐकलं. "तुम्हीच सांगा."

थोरलीने डोळा बारीक केला. मग तिला आठवलं आणि तिने दोन्ही डोळे नीट उघडले. दोन्ही बशा पुन्हा पाहिल्या.

"अजून थोडं," ती म्हणाली. "आज ऊन चांगलं आहे. आजचा दिवस जाऊ दे."

बाईंना त्यानंतर बोलावलं. त्या आल्या, बाटली भरली, वास घेतला आणि गेल्या. निकाल ठीक आला. तार तोडून तोटी उघडली त्या दिवशी थोरलीने पट्टी सोडली. गाठ इतकी घट्ट बसली होती की दात लावावे लागले. रोपवाली डबा घेऊन आली, भरला, आणि घरामागच्या सगळ्यांत कोपऱ्यातल्या, कुणी विकत न घेणाऱ्या झेंडूच्या रांगेला तेवढा घातला.

"तुमच्यावर विश्वास आहे हो," ती म्हणाली. "पण रोपं माझी आहेत."

"बरोबर आहे," थोरली म्हणाली. "मीही तेच केलं असतं."

दुसऱ्या सकाळी भट्टी पेटायची होती. थोरलीने हात धुतले, तळवा कठड्यावर टेकला, डोळे मिटले. त्या दिवशी ती नेहमीपेक्षा बराच वेळ उभी राहिली. धाकटी दारात थांबून होती. लडी हातात घेऊन तिचा नवराही.

थोरलीने डोळे उघडले, कमरेला खोचलेली लाल पट्टी काढून तोटीजवळच्या खिळ्याला अडकवली. आज नवा रंग निघणार, नवं पाणी टाकीत जाणार, पट्टी पुन्हा लागणार.

"बघत काय बसलात?" ती म्हणाली. "लडी उचला."